पंडित भगवानलाल इंद्रजी

बोईसर किंवा पालघर येथून विरारकडे जाणाऱ्या गाडीत तुम्ही पुष्कळदा बसला असाल. केळवे रोड आणि सफाळे मागे पडते, वैतरणेच्या खाडीवरचे पूल येतात, मग वैतरणा आणि त्यानंतर विरार. विरारच्या पुढचे स्टेशन नालासोपारा. तिथे उतरणाऱ्यांची गर्दी तुम्ही पाहिली असेल. पण या गर्दीच्या गावाचे जुने नाव शूर्पारक होते, हे त्या गर्दीतल्या किती लोकांना ठाऊक असेल? दोन हजार वर्षांपूर्वी हे पश्चिम किनाऱ्यावरचे एक मोठे बंदर होते. ग्रीक खलाशांनी त्याची नोंद केली आहे. दहाव्या शतकातला अरब प्रवासी अल्-मसऊदी यानेही आपल्या ग्रंथात सूबारा या नावाने त्याचा उल्लेख केला आहे. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी त्याची भूमी फार जुनी आहे.

या सोपाऱ्याच्या मातीखाली दडलेला इतिहास ज्यांनी प्रथम उजेडात आणला, त्या पंडित भगवानलाल इंद्रजी यांची ही कहाणी आहे. ते काही या भागातले नव्हते. त्यांची मातृभाषा गुजराती होती. त्यांच्याजवळ कोणत्याही कॉलेजची पदवी नव्हती, आणि इंग्रजी त्यांना जेमतेमच येत असे. तरीही जुनी नाणी आणि जुने लेख वाचण्यात त्यांच्या तोडीचा माणूस त्या काळी हिंदुस्थानात सापडणे कठीण होते.

भगवानलाल यांचा जन्म १८३९ साली सौराष्ट्रातील जुनागढ येथे एका ब्राह्मण कुटुंबात झाला. जुनागढ हे त्या वेळी बाबी घराण्यातील नवाबांचे संस्थान होते. भगवानलाल लहानपणी संस्कृत शिकले. त्यांच्या घरी वैद्यकीची विद्या होती. सगळे सरळ चालले असते, तर तेही वैद्य झाले असते आणि आज त्यांचे नाव आपल्याला ठाऊकही नसते.

पण जुनागढजवळ गिरनारचा डोंगर आहे. डोंगराच्या वाटेवर एक प्रचंड खडक आहे आणि त्या खडकावर तीन वेगवेगळ्या काळांतले लेख कोरलेले आहेत. सर्वांत जुने लेख सम्राट अशोकाचे. त्यानंतर सुमारे चारशे वर्षांनी, म्हणजे इसवी सन १५० च्या सुमारास, रुद्रदामन् नावाच्या क्षत्रप राजाने त्याच खडकावर आपला लेख कोरविला. सुदर्शन नावाच्या तलावाचा बांध वादळी पावसात फुटला आणि आपण तो पुन्हा बांधविला, असे त्यात सांगितले आहे. तिसरा लेख गुप्त सम्राट स्कंदगुप्त याच्या काळातला. गावातले लोक रोज त्या खडकाजवळून जात, पण त्यावर काय लिहिले आहे हे कोणालाही सांगता येत नसे. लिपी बदलत बदलत इतकी बदलली होती की, जुनी अक्षरे लोक पार विसरून गेले होते.

ही विसरलेली लिपी, म्हणजे ब्राह्मी लिपी, भगवानलाल यांच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, १८३७ मध्ये, जेम्स प्रिन्सेप नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने उलगडली होती. प्रिन्सेप हा कलकत्त्याच्या टांकसाळीत कामाला होता. टांकसाळ म्हणजे नाणी पाडण्याचा कारखाना. उर्दूतला टकसाल हा शब्द तुम्हांला माहीत आहेच. नाण्यांच्या कारखान्यातला माणूस जुन्या नाण्यांच्या नादी लागला आणि त्यातून त्याला जुनी अक्षरे सापडली! प्रिन्सेपने तयार केलेला अक्षरांचा तक्ता पुढे तरुण भगवानलाल यांच्या हाती आला. तो तक्ता घेऊन ते खडकापाशी जात आणि एकेक अक्षर ताडून पाहत. कोणी शिकवणारे नव्हते. खडक हीच पाटी आणि खडक हेच पुस्तक. हळूहळू ते लेख वाचू लागले, आणि तक्त्यात कुठे चूक आहे हेही त्यांच्या ध्यानात येऊ लागले.

त्या काळात अलेक्झांडर किनलॉक फॉर्ब्स नावाचे एक इंग्रज अधिकारी काठियावाडात होते. गुजरातच्या इतिहासाची त्यांना फार आवड होती. या मुलाची हुशारी त्यांनी ओळखली आणि मुंबईच्या डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्याकडे त्याची शिफारस केली.

डॉक्टर भाऊ दाजी हे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईत भायखळ्याच्या राणीच्या बागेजवळचे वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. ते मूळचे गोव्याकडील मांद्रे गावचे. ग्रँट मेडिकल कॉलेजमधून बाहेर पडलेल्या पहिल्या डॉक्टरांपैकी ते एक होते. दिवसा रोग्यांना तपासावे आणि उरलेला वेळ जुने लेख, जुन्या पोथ्या व जुनी नाणी यांत घालवावा, असा त्यांचा क्रम होता. त्यांना दूर दूर जाऊन लेखांच्या अचूक नकला आणणारा माणूस हवा होता. १८६१ च्या सुमारास भगवानलाल मुंबईस आले आणि भाऊ दाजींकडे राहिले. तेव्हा त्यांचे वय जेमतेम बावीस वर्षांचे होते. उस्ताद आणि शागिर्द यांचे हे नाते भाऊ दाजींच्या मृत्यूपर्यंत टिकले.

आता या शागिर्दाचे काम कसे होते ते पाहा. त्या दिवसांत सगळीकडे रेल्वे नव्हती. जिथे गाडी संपे तिथून बैलगाडी, आणि जिथे बैलगाडीची वाट संपे तिथून पायी. अजिंठ्याची लेणी, राजस्थानातली जुनी गावे, मथुरा, ओरिसातली उदयगिरीची गुंफा, वायव्येकडचा पठाणांचा मुलूख आणि शेवटी नेपाळ, एवढी भ्रमंती त्यांनी केली. कुठे एखादा लेख जमिनीपासून दोन पुरुष उंचीवर असे, कुठे अंधाऱ्या लेण्यात, तर कुठे शेवाळाखाली. लेखाची नकल काढताना एक रेघ चुकली तर राजाचे नाव बदलते, एक आकडा चुकला तर शंभर वर्षांचा फरक पडतो. त्यामुळे घाई करून चालत नसे. उदयगिरीच्या हाथीगुंफेतला लेख हवापाण्याने अतिशय झिजलेला होता. प्रिन्सेपने तो पूर्वी छापला होता, पण त्यातल्या राजाचे नाव खारवेल आहे हे पहिल्याने नीट वाचले ते भगवानलाल यांनी.

या सर्व प्रवासांत ते वाटेत मिळतील ती जुनी नाणीही गोळा करीत. बाजारात सोनार आणि सराफ जुनी नाणी वितळवून टाकण्यासाठी विकत घेत. मूस तापायच्या आत एखादे नाणे हाती लागले तर तेवढा इतिहास वाचला, असे समजा.

एक गोष्ट मात्र मला येथे सांगितली पाहिजे. या काळात भाऊ दाजींनी जे विद्वत्तापूर्ण निबंध लिहिले, ते त्यांच्या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांतल्या पुष्कळ निबंधांचा पाया भगवानलाल यांनी आणलेल्या नकला हा होता. जगाला डॉक्टरांचे नाव दिसे. उन्हात खडकासमोर उभे राहिलेल्या माणसाचे नाव फारच थोड्यांना ठाऊक होते. हे योग्य होते की अयोग्य, यावर आज वाद घालता येईल. भगवानलाल यांनी मात्र आपल्या गुरूविषयीचा आदर कधी सोडला नाही. १८७४ च्या मे महिन्यात भाऊ दाजी वारले, तेव्हा भगवानलाल शेकडो कोस दूर नेपाळच्या प्रवासात होते.

गुरू गेले आणि आसराही गेला. पस्तिशीतला हा माणूस एकाकी झाला. पदवी नाही, इंग्रजी नाही, नोकरी नाही. जवळ होते ते फक्त नकलांचे गठ्ठे, नाणी आणि डोळ्यांत साठवलेली अक्षरे. अशा वेळी मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात असलेले जर्मन पंडित डॉक्टर ब्यूलर यांनी त्यांना धीर दिला. भगवानलाल आपला लेख गुजरातीत लिहीत आणि ब्यूलरसारखे विद्वान त्याचा इंग्रजी तर्जुमा करीत. आता लेखाखाली नाव येई ते भगवानलाल इंद्रजी यांचेच.

त्यांच्या आरंभीच्या लेखांपैकी एक गधैया नाण्यांवर आहे. ही नाणी गुजरात, राजस्थान आणि माळवा या भागांत फार सापडतात. त्यांवर एका बाजूस चेहऱ्यासारखे काही तरी आणि दुसऱ्या बाजूस ठिपक्यांचा ढीग दिसतो. पाहणाऱ्याला वाटते, एखाद्या लहान मुलाने रेघोट्या ओढल्या आहेत. पण ही नाणी ओळीने लावा. इराणच्या सासानी बादशहांच्या नाण्यांवर एका बाजूस बादशहाचे मुकुट घातलेले मस्तक आणि दुसऱ्या बाजूस अग्निकुंड व त्याच्या दोन्ही बाजूंस दोन रक्षक असत. त्या नाण्यांची हिंदुस्थानात नकल झाली, नकलेची नकल झाली, आणि तीनचारशे वर्षांत बादशहाचा चेहरा म्हणजे काही रेघा आणि अग्निकुंड म्हणजे काही ठिपके एवढेच उरले. एकटे नाणे मुके असते. शंभर नाणी शेजारी शेजारी मांडली म्हणजे ती बोलू लागतात.

१८७७ मध्ये त्यांनी जुन्या आकड्यांविषयी एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. तुम्ही आज १४५ लिहिता तेव्हा तीन आकडे शेजारी ठेवता, आणि जागेवरून त्यांची किंमत ठरते. त्या जुन्या काळी लोक शून्य वापरीत नसत. दहासाठी वेगळी खूण, विसासाठी वेगळी, तिसासाठी वेगळी, शंभरासाठी आणखी वेगळी. म्हणजे १४५ लिहायचे तर शंभराची खूण, मग चाळिसाची खूण, मग पाचाची खूण. शंभराच्या खुणेला एक जादा रेघ दिली की दोनशे. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात आणि नाशिकच्या लेण्यांत असे पुष्कळ आकडे कोरलेले आहेत, कारण तेथे राजांनी केलेल्या दानांचे हिशेब आहेत. ते हिशेब ताडून भगवानलाल यांनी या खुणांच्या किमती पक्क्या केल्या. या खुणा मुळात अक्षरेच होत्या, असे त्यांचे मत होते. ते मत पुढच्या सगळ्या विद्वानांना पटले नाही. पण आकड्यांच्या ज्या किमती त्यांनी सांगितल्या, त्यांचा उपयोग पुढे फार झाला.

नाशिकच्या लेण्यांतला एक हिशेब तुम्हीच करून पाहा. क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, विणकरांच्या दोन संघांकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. त्यांतल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक नाणे व्याज ठरले. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. लेखात पुढे सांगितले आहे की, या व्याजातून लेण्यात राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा नाणी द्यावीत. वीस गुणिले बारा किती? दोनशे चाळीस! एवढ्या वर्षांनंतरही हिशेब बरोबर जुळतो. त्याच लेखात एका सोन्याच्या नाण्याचा भाव पस्तीस चांदीची नाणी असा दिला आहे.

आणि याच उषवदाताने आपल्या भागातल्या लोकांसाठी काय केले, तेही नाशिकलाच लिहिलेले आहे. त्याने शूर्पारकात, म्हणजे सोपाऱ्यात, प्रवाशांसाठी धर्मशाळा बांधली. दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर लोकांना फुकट पार करणाऱ्या होड्या ठेवल्या. डहाणुका म्हणजे आपली डहाणूची खाडी. नानंगोल नावाच्या गावातील बत्तीस हजार नारळीची झाडेही त्याने दान दिली. डहाणूच्या उत्तरेला, आज गुजरातेत असलेले नारगोळ ते हेच, असे अभ्यासक मानतात. बोईसर-तारापूरच्या किनाऱ्यावर आज दिसणाऱ्या नारळाच्या वाड्या पाहिल्या की ही गोष्ट खरी वाटू लागते.

भगवानलाल यांचे सर्वांत आवडते काम म्हणजे क्षत्रप राजांची नाणी. क्षत्रप हा शब्द मूळ इराणी आहे. त्याचा अर्थ प्रांताचा सुभेदार. हे शक राजे बाहेरून आले आणि त्यांनी गुजरात, सौराष्ट्र, माळवा आणि काही काळ महाराष्ट्राचा काही भाग यांवर सुमारे तीनशे वर्षे राज्य केले. त्यांचे चांदीचे नाणे आजच्या रुपयापेक्षा लहान असून त्याचे वजन सुमारे दोन ग्रॅम भरते. एका बाजूस राजाचे मस्तक, त्याच्या भोवती ग्रीक अक्षरे. दुसऱ्या बाजूस तीन कमानींची टेकडी, वर चंद्रकोर, बाजूला तारा, खाली नदीची नागमोडी रेघ आणि कडेने ब्राह्मी लिपीत मजकूर.

या मजकुरात एक मोठी सोय आहे. राजा नुसते आपले नाव सांगत नाही, बापाचे नावही सांगतो आणि दोघांच्या पदव्याही सांगतो. रुद्रदामन् याचा मुलगा रुद्रसिंह. रुद्रसिंहाचे मुलगे रुद्रसेन, संघदामन् आणि दामसेन. म्हणजे बापामागून मुलगा गादीवर आला असे नव्हे, तर तीन भाऊ एकामागून एक गादीवर आले, हे नाण्यांवरूनच कळते. शिवाय पुढच्या काळातल्या नाण्यांवर राजाच्या मस्तकामागे वर्षाचा आकडाही असतो. हा आकडा शक संवताचा. त्यात ७८ मिळवले की इसवी सन निघते. आता तुमच्या ध्यानात येईल की, आकड्यांच्या खुणा ओळखण्यासाठी भगवानलाल यांनी एवढी वर्षे का घालविली. चाळिसाची खूण सत्तराची म्हणून वाचली, तर राजा तीस वर्षे पुढे सरकतो आणि मुलगा बापाच्या आधी गादीवर बसतो! या राजांचा सलग इतिहास कोणत्याही बखरीत किंवा पोथीत लिहिलेला नाही. त्यांची जी वंशावळ आज आपण इतिहासाच्या पुस्तकात वाचतो, ती मुख्यत्वे या चिमुकल्या नाण्यांच्या कडेवरून गोळा केलेली आहे.

क्षत्रपांपैकी जे आरंभीच्या काळातले, नहपान आणि चष्टन, त्यांच्या नाण्यांवर तीन लिप्या दिसतात: ग्रीक, ब्राह्मी आणि खरोष्ठी. ही खरोष्ठी लिपी तुम्हांला जवळची वाटेल, कारण उर्दूप्रमाणेच ती उजवीकडून डावीकडे लिहितात. हे केवळ साम्य नव्हे. जुन्या अरामी लिपीपासून एक शाखा वायव्य हिंदुस्थानात खरोष्ठीच्या रूपाने वाढली आणि दुसरी शाखा पुढे अरबी लिपीच्या रूपाने वाढली. त्या अरबीतून फारसीत आणि फारसीतून तुमच्या उर्दूत ती आली. म्हणजे दोघी दूरच्या नात्यातल्या बहिणीच झाल्या. भगवानलाल यांना १८६९ मध्ये मथुरेत शीतलादेवीच्या ओट्याच्या पायरीत बसविलेला एक तांबड्या दगडाचा स्तंभशीर्ष सापडला. त्यावर एकमेकांना पाठ लावून बसलेले दोन सिंह आहेत आणि अंगभर खरोष्ठी अक्षरे कोरलेली आहेत. शेकडो लोक त्या ओट्याची पायरी चढले असतील. अक्षरे दिसली ती एकालाच.

आता सोपाऱ्याकडे वळू. त्या वर्षांत सर जेम्स कॅम्पबेल मुंबई इलाख्याच्या प्रत्येक जिल्ह्याची माहिती देणारे मोठे ग्रंथ, म्हणजे गॅझेटियर, तयार करीत होते. ठाणे जिल्ह्याच्या जुन्या अवशेषांचे काम त्यांनी भगवानलाल यांच्याकडे सोपविले. सोपारा गावाबाहेर झाडीत एक मातीविटांची मोठी टेकडी होती. लोक तिला बुरूड राजाचा कोट म्हणत. बुरूड म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणारा. कोणे एके काळी असा एक राजा होऊन गेला आणि हा त्याचा किल्ला, अशी समजूत होती. भगवानलाल यांनी टेकडीचा गोल आकार पाहिला, विटा पाहिल्या आणि ओळखले की हा किल्ला नव्हे, हा बौद्ध स्तूप आहे.

१८८२ च्या एप्रिल महिन्यात, भर उन्हाळ्यात, टेकडीच्या मधोमध खोदकाम सुरू झाले. विटांचा थर संपेना. अखेर मध्यभागी दगडाची एक गोल पेटी लागली. झाकण काढले तेव्हा आत मधोमध तांब्याचा एक डबा आणि त्याच्या भोवती गौतम बुद्धाच्या व इतर बुद्धांच्या आठ लहान मूर्ती बसविलेल्या दिसल्या. तांब्याच्या डब्यात चांदीचा डबा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याची डबी. जवळच सोन्याची लहान लहान फुले आणि रत्ने होती. आणि त्या सोन्याच्या डबीत काय असावे? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे! पाच डब्यांच्या आत जपून ठेवलेले मातीचे तुकडे म्हणजे बुद्धाच्या भिक्षापात्राचे अवशेष म्हणून श्रद्धेने पुरलेली वस्तू असली पाहिजे, असे भगवानलाल यांनी सांगितले.

सोने पाहून लोकांचे डोळे दिपले असतील. भगवानलाल यांना मात्र त्या डब्यांसोबत सापडलेल्या एका वस्तूचे मोल फार वाटले. ते होते चांदीचे एक नाणे. अगदी कोरे, जणू टांकसाळीतून नुकतेच आलेले. त्यावर सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याचे मस्तक आणि नाव होते. हा राजा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या अखेरीस होऊन गेला. विचार करा, नाणे पाडण्याआधी ते पेटीत कसे ठेवता येईल? तेव्हा तो ठेवा यज्ञश्रीच्या आधी पुरलेला नाही, हे नक्की. आणि नाणे झिजलेले नाही, म्हणजे ते फार हातांतून फिरलेले नव्हते. भोवतालच्या आठ मूर्ती मात्र घडणीवरून पाहता आठव्या-नवव्या शतकाच्या वाटतात. म्हणजे मध्यंतरी कोणी तरी पेटी उघडली, मूर्ती ठेवल्या आणि सर्व ठेवा पुन्हा होता तसा बंद केला. सोन्याला हात लावला नाही. ज्यांनी हे केले ते भाविक लोक असले पाहिजेत.

आणखी एक गंमत. यज्ञश्रीच्या या नाण्याची घडण सातवाहनांच्या नेहमीच्या शिशाच्या किंवा तांब्याच्या नाण्यांसारखी नाही. ती हुबेहूब क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांसारखी आहे. सातवाहन आणि क्षत्रप हे पिढ्यान् पिढ्यांचे वैरी. पण व्यापाऱ्याला वैराशी काय करायचे? ज्या नाण्याची बाजारात पत आहे, तसेच नाणे राजाला पाडावे लागते. पुढे १९०६ मध्ये नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा खजिना सापडला. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का मारलेला होता. म्हणजे जिंकलेल्या शत्रूचे नाणे वितळवायचेही नाही, त्याच्या तोंडावर आपला ठसा उमटवायचा आणि तेच चालवायचे! हा खजिना पाहायला भगवानलाल हवे होते, असे मला नेहमी वाटते.

सोपाऱ्यातच, भाटेला तळ्याजवळ, त्यांना एक फुटका दगड मिळाला. त्यावर मोजक्याच ओळी शिल्लक होत्या. गिरनारचा खडक पाठ असलेल्या माणसाला त्या ओळखायला वेळ लागला नाही. अशोकाच्या आठव्या आज्ञेचा तो तुकडा होता. शिकारीच्या सफरी सोडून राजा धर्मयात्रेला जाऊ लागला, असे त्या आज्ञेत सांगितले आहे. म्हणजे अशोकाच्या काळीही सोपारा हे एवढे मोठे ठिकाण होते की, राजाची आज्ञा येथे कोरून ठेवावी लागली. पुढे १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे नवव्या आज्ञेचाही तुकडा मिळाला. स्तूपाचे खोदकाम १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याचे एम. एम. कुरेशी यांनी पुन्हा केले.

या कामानंतर भगवानलाल यांच्याकडे मान चालत आले. १८८२ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना आपले फेलो नेमले. हॉलंडमधील लायडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ही सन्माननीय पदवी दिली. ज्यांनी कॉलेजची पायरी चढली नव्हती, ते आता डॉक्टर भगवानलाल इंद्रजी झाले. त्यांचा हाथीगुंफेवरचा निबंधही लायडन येथे भरलेल्या विद्वानांच्या परिषदेसाठीच होता. त्या निबंधात त्यांनी मौर्य संवताचे १६५ हे वर्ष वाचले होते. ते वाचन पुढच्या अभ्यासकांनी सोडून दिले. झिजलेल्या दगडावर असे होतेच. राजाचे नाव मात्र राहिले.

मान मिळाला तरी पैसा फारसा मिळाला नाही. मुंबईस वाळकेश्वर येथील आपल्या घरी, नाणी, पोथ्या आणि कागदांच्या पसाऱ्यात ते राहत. गुजरातचा प्राचीन इतिहास आणि क्षत्रपांच्या नाण्यांवरचा मोठा निबंध ही दोन कामे हाती होती. दोन्ही अपुरी असतानाच १६ मार्च १८८८ रोजी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते.

मृत्यूपूर्वी त्यांनी आपल्या संग्रहाची व्यवस्था मृत्युपत्राने करून ठेवली होती. मृत्युपत्र म्हणजे वसीयतनामा. नाणी आणि मथुरेचा तो सिंहांचा दगड लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला, तर पोथ्या मुंबईच्या एशियाटिक सोसायटीला. आपली नाणी विलायतेला का दिली, असे तुम्ही विचाराल. मलाही त्याची हळहळ वाटते. पण त्या वेळी मुंबईत आजचे मोठे वस्तुसंग्रहालय उभे राहिलेले नव्हते. ते लोकांसाठी उघडले १९२२ मध्ये. आणि बाजारात गेलेल्या नाण्याचे काय होते, हे भगवानलाल यांनी सराफांच्या मुशीपाशी पाहिलेले होते. लंडनमध्ये रॅप्सन नावाच्या विद्वानाने त्यांचा क्षत्रपांवरचा अपुरा निबंध नीट करून १८९० मध्ये छापला. १९०८ मध्ये त्याच रॅप्सनने सातवाहन आणि क्षत्रप यांच्या नाण्यांची मोठी सूची प्रसिद्ध केली. तिच्यात भगवानलाल यांची नाणी पानोपानी आहेत. गुजरातचा इतिहास दुसऱ्या अभ्यासकांनी पुरा केला आणि तो १८९६ मध्ये गॅझेटियरच्या पहिल्या खंडात आला.

सोपाऱ्याच्या पेटीतल्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत ठेवण्यात आल्या. अशोकाच्या आज्ञेचा तुकडा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. भाऊ दाजींच्या पोथ्याही एशियाटिक सोसायटीतच आहेत, म्हणजे गुरूचा आणि शिष्याचा संग्रह एकाच ग्रंथालयात आला. आणि बुरूड राजाचा कोट अजून नालासोपाऱ्यात, स्टेशनच्या पश्चिमेला, आपल्या जागीच आहे.